थंडी आहे, स्वतःला जपा

आमच्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर बाईंना कुणी नावाने हाक मारत नसे. त्या हॅलोताई. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या हॅलोताई. मी तिथे प्रयोगशाळेत रक्त तपासायचो, म्हणून मी त्यांचा 'रक्तवाला'. "अहो रक्तवाले, तीन नंबर वॉर्डातली सिस्टर तुमच्या नावाने खडे फोडतेय, रिपोर्ट पाठवा लवकर," असा त्यांचा फोन यायचा. सिस्टरने फोडलेले खडे ताई असे काही पोचवायच्या, की रागाच्या ऐवजी हसूच यायचं.

त्यांची खोली म्हणजे तळमजल्यावरची जिन्याखालची जागा. छत तिरकं. उंच माणूस अर्ध्या खोलीपर्यंतच सरळ यायचा, पुढे त्याला वाकावं लागे. ताईंना त्याची कधी अडचण झाली नाही, कारण त्या उंचीने बेताच्याच. आवाज मात्र चांगल्या सहा फुटी बाईचा. फोनवर धीर दिलेली माणसं कधीकधी आभार मानायला यायची आणि दारातून आत डोकावत विचारायची, "त्या फोनवाल्या बाई कुठे भेटतील?"

"मीच ती."

"तुम्ही?"

"का? लहान निघाले?"

डोक्यावरून दिवसभर पावलं चढायची, उतरायची. समोर बोर्डावर लाल दिवे लुकलुकायचे. खिडकी रुग्णवाहिकेच्या उतारावर उघडायची आणि तिची एक काच फुटलेली होती. तिथे औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला असे. हिवाळ्यात तो पुठ्ठा रात्रंदिवस फडफडे. ताई अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला मफलर आणि मफलरवर हेडफोन अशा थाटात बसायच्या आणि पायाशी बंद पडलेला हीटर ठेवायच्या. "चालू होत नाही, पण त्याच्याकडे बघून बरं वाटतं," म्हणायच्या.

फोनवर बोलायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. त्यांचे वडील सुतार होते आणि बोलताना फार अडखळायचे. समोरासमोर कसंबसं निभावून न्यायचे, पण फोन हातात आला की पहिलाच शब्द घशात अडकायचा आणि पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवून द्यायचा. मग गिऱ्हाइकांना फोन करायचं काम थोरल्या लेकीकडे आलं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. वडील शेजारी उभे राहून खुणांनी सांगायचे, ती पलीकडे बोलायची.

एकदा एका गिऱ्हाइकाला कपाट हवं होतं. वडील म्हणाले, "सांग, उ-उद्या मिळेल."

"कपाटाला अजून दारं नाहीत, बाबा."

"तू सांग."

"तुम्हीच सांगा," असं म्हणून पोरीने रिसीव्हर बापाच्या तोंडापुढे धरला. दुकानदार बघतोय, पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललंय, आणि सुतार लालबुंद. शेवटी त्यांनी मान हलवली आणि तिने सांगितलं, "दारं बसवायची राहिलीत, थोडे दिवस लागतील." त्या संध्याकाळी वडील तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. पण पुढे त्यांनी तिला फोनवर खोटं सांगायला कधी लावलं नाही. हे मला ताईंनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना वडिलांची कीव येत होती की स्वतःचा अभिमान वाटत होता, ते मला ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

इस्पितळात त्या टायपिस्टच्या जागेसाठी आल्या होत्या. मुलाखत चालू असताना जुन्या अधीक्षकांच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला, ते कागद शोधत होते, म्हणून ताईंनी तो उचलला आणि बोलल्या. अधीक्षक म्हणाले, "टायपिंग राहू दे. तुम्ही हेच करा." तेव्हापासून त्या जिन्याखाली.

कामाचे त्यांचे नियम होते, आणि ते त्यांनी स्वतःच केलेले होते. "इस्पितळात कुणी गंमत म्हणून फोन करत नाही," त्या म्हणायच्या. "पलीकडचा माणूस आधीच अधांतरी असतो. आपण पहिले दोन शब्द असे बोलायचे, की त्याचे पाय जमिनीला टेकावेत. मग तो नीट सांगतो." म्हणून त्या नुसतं "नमस्कार, बोला" म्हणायच्या. पण त्या 'बोला'मध्ये इतकी सवड असायची की माणूस खरोखरच बोलायचा.

असं सगळं चाललं होतं, आणि मग नवे व्यवस्थापक आले. ते आधी एका मोठ्या हॉटेलात होते, म्हणून आम्ही त्यांना हॉटेलवाले साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वर्षानुवर्षं बंद पडलेली लिफ्ट सुरू केली, संडास घासून घेतले, नातेवाइकांना बसायला बाकं आणली. पण त्यांना सगळीकडे स्वागत हवं असे. दारात स्वागत, जिन्यात स्वागत, आणि फोनवरही.

आमच्या शहरात हिवाळ्याच्या त्या दिवसांत तीन वेगवेगळ्या समाजांचे सण पाठोपाठ यायचे. त्यातला सगळ्यात दणक्यात होणारा सण आमच्या विश्वस्तांच्या समाजाचा, म्हणजे ताईंच्याही समाजाचा होता. थंडी पडायला लागली तशी साहेबांनी जिन्याखाली एक चिकटपट्टी लावलेला कागद पाठवला. सण संपेपर्यंत प्रत्येक फोनला हेच म्हणायचं: "आपल्या महान सणाच्या आनंदमय शुभेच्छा! मी आपली काय सेवा करू?"

ताईंनी तो कागद बोर्डावर चिकटवला. सकाळी कामाला लागल्या. मी त्याच वेळी माझ्या रिपोर्टांची चौकशी करायला खाली गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं.

पहिला फोन औषध कंपनीवाल्याचा. ताईंनी वाक्य म्हटलं. तो खूश. दुसरा डॉक्टरांच्या घरून. तिसऱ्याला पत्ता हवा होता. चौथा दिवा लागला, ताई म्हणाल्या, "आपल्या महान सणाच्या आनंदमय शुभेच्छा, मी आपली काय..." आणि त्या थांबल्या. बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "माफ करा. चुकलं माझं. जोडून देते." दिवा विझला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई होती. पहाटे वडील गेले, त्यांना न्यायला कधी येऊ, विचारत होती." त्यांनी कागदाकडे पाहिलं. "मी तिला आनंदमय म्हटलं हो, रक्तवाले. ती म्हणाली, काय म्हणालात? पुन्हा सांगा."

त्यांनी तो कागद ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर बोर्डाचा रंगही निघाला. मला म्हणाल्या, "दिवे बघा जरा, कुणाचा आला तर थांबायला सांगा," आणि तशाच मफलर गुंडाळलेल्या अवस्थेत वरच्या मजल्यावर गेल्या.

साहेबांशी काय बोलणं झालं, ते सगळ्या कचेरीने ऐकलं, कारण दार उघडं होतं आणि ताईंचा आवाज मी वर सांगितला तसा.

"साहेब, आपल्या सणाच्या म्हणजे कुणाच्या?"

"आपल्या म्हणजे... आपल्या सगळ्यांच्या."

"सगळ्यांचा कुठे आहे? तीन नंबर वॉर्डातल्या सिस्टरचा नाही. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा नाही. माझ्या लेकीच्या सासरीसुद्धा नाही. तुमच्या मनात आहे 'आमचा', आणि मला म्हणायला लावताय 'आपला'. सरळ म्हणा की, आमच्या सणाच्या तुम्हाला शुभेच्छा. ते निदान खरं तरी होईल."

"ताई, शुभेच्छाच आहेत. शिवी तर नाही?"

"आज सकाळी एका बाईला शिवीसारखीच लागली."

त्यांनी ती हकिकत सांगितली. साहेबांनी ती मधे न तोडता ऐकली. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाले, "बघतो. सगळ्यांना चालेल असं काहीतरी करतो."

आणि त्यांनी केलं. एक समिती बसवली. समितीने आठवडाभर चहा प्यायला आणि नवं वाक्य काढलं. त्यात तिन्ही समाजांच्या सणांची नावं होती, कुणाचं आधी यावरून भांडण नको म्हणून अकारविल्हे लावलेली, आणि शेवटी "तसेच इतर सर्व सणांच्या व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा" अशी शेपूट. एका दमात म्हणता येत नव्हतं. ताईंनी मला म्हणून दाखवलं आणि मधे श्वास घेतला.

"एवढं होईपर्यंत ज्याला हार्ट अ‍ॅटॅक आलाय त्याचं काय करायचं? त्याला म्हणू का, थांबा, अजून दोन सण राहिलेत?"

"आणि माझ्या घरी तर कुठलाच सण नसतो," मी म्हटलं. हे खरं आहे. माझ्या वडिलांनी मानलं नाही, मीही मानत नाही. "मी 'इतर सर्व'मध्ये येतो की त्यातही नाही?"

"तुम्ही नववर्षात या," ताई म्हणाल्या. हसलो आम्ही. पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. त्या म्हणाल्या, "यादी केली की कुणीतरी बाहेर राहतंच. आणि ज्याच्या घरी माणूस आजारी आहे, त्याचं नाव कुठल्या यादीत आहे?"

दुपारच्या पाळीला दुसरी ऑपरेटर असायची. तिला आम्ही दुपारचीच म्हणायचो. ती नवी होती, नोकरी अजून पक्की झाली नव्हती, घरी दोन लहान मुलं. ती ते लांबलचक वाक्य पोपटासारखं म्हणायची. ताईंनी तिला कधी बोल लावला नाही. "तू म्हण बाई. तुझं पोट आहे त्यावर," एवढंच म्हणाल्या. स्वतः मात्र पुन्हा "नमस्कार, बोला"वर आल्या. पण साहेबांचा हुकूम होता की काहीतरी शुभेच्छा हवीच, आणि ताईंना ती कल्पनाच नको होती असं नव्हतं. "थंडीच्या दिवसांत माणसाला दोन गोड शब्द ऐकायला आवडतात, यात चूक काय? पण असे शब्द हवेत की ते कुणालाही म्हणता यावेत. ज्याच्या घरी बाळ झालंय त्याला, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यालाही."

हा प्रश्न त्यांनी घरी नेला. घर म्हणजे दोन खोल्या, यजमान, आणि अधूनमधून राहायला येणारी विहीण. यजमान छत्र्या आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करायचे, स्वभावाने थट्टेखोर. विहीणबाई दुसऱ्या समाजाच्या. दोन्ही विहिणींनी एकमेकींच्या सणाच्या शुभेच्छा द्यायचं ठरवलेलं होतं, आणि दरवर्षी दोघी चुकायच्या. विहीणबाई एक दिवस आधी फोन करायच्या, ताई सणाचं नाव उलटसुलट करायच्या. "माझी सून हसते मला," विहीणबाई म्हणायच्या. "ती माझी लेक आहे, ती मलाही हसते," ताई म्हणायच्या.

त्या दिवशी जेवताना ताई एकेक वाक्य म्हणून बघत होत्या. "सगळे सुखरूप असोत" कसं वाटतं?

"ज्याचं कुणी सुखरूप नाही, त्याला टोचेल," यजमान म्हणाले.

"वर्ष चांगलं जावो?"

"डॉक्टरने ज्याला सहा महिने सांगितलेत, तो काय म्हणेल?"

"अहो, तुम्ही जेवा."

विहीणबाई भात कालवत होत्या. मग म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, ते अशाच थंडीत. नेमका सण तोंडावर. येईल तो शुभेच्छा द्यायचा, मग जीभ चावायचा, मग सॉरी म्हणायचा. मलाच त्यांची समजूत घालावी लागायची. आमचा दूधवाला तेवढा शहाणा. पिशवी ठेवली आणि म्हणाला, थंडी आहे, जपा. एवढंच. बाकीचे काय काय म्हणाले ते सगळं विसरले बघा मी."

ताईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "थंडी आहे, जपा," त्या हळूच म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या.

"काय जपायचं?" यजमानांनी विचारलं. "लोकांना वाटेल इस्पितळाने माळ ओढायला सांगितलीय. एवढी वाईट अवस्था आहे का पेशंटची?"

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण यजमानांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणून वाक्यात एक शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतून मुद्दाम बाहेरच्या लाइनने फोन लावला.

"नमस्कार. थंडी आहे, स्वतःला जपा. बोला."

मी रिसीव्हर कानाला धरून बसलो. कशाला फोन केला होता तेही विसरलो. "रक्तवाले, श्वासावरून ओळखते तुम्हाला," ताई म्हणाल्या, "कामाला लागा."

माणसांना ते वाक्य आवडायला लागलं. उलट उत्तरं यायला लागली. "तुम्हीही जपा हो, ताई." "तुमच्याकडे हीटर आहे ना?" एक म्हातारा तर रोज सकाळी फोन करायचा, काम काही नसायचं. ते ऐकायचा, "बरं, जपतो," म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. ताईंनी त्याला कधी तोडलं नाही.

साहेबांच्या कानावर गेलंच. पण ते थेट रागवायला आले नाहीत. हॉटेलातली त्यांची एक पद्धत होती, गिऱ्हाईक बनून स्वतःच फोन करायचा. त्यांनी आवाज बदलला, नाकात बोलले. "हॅलो, माझ्या पोटात फार दुखतंय."

"नमस्कार. थंडी आहे, स्वतःला जपा. साहेब, पोटात दुखत असेल तर ओपीडीला जोडते. वरून खाली यायला लिफ्ट चालू आहे, तुम्हीच दुरुस्त केलीत."

संध्याकाळपर्यंत मेमो आला. ठरवून दिलेलं वाक्य न म्हटल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, कारण लिहून द्या. ताईंनी त्याच कागदाच्या खाली लिहिलं, 'ते वाक्य मी सगळ्यांना म्हणू शकत नाही. जे सगळ्यांना म्हणता येतं ते म्हणते.' आणि परत पाठवला.

कामगार संघटनेचा पुढारी आला. चांगला माणूस, पण कायम घाईत. "ताई, पगारासाठी भांडू, सुट्ट्यांसाठी भांडू. एका वाक्यासाठी मी कुणाला गेटवर उभं करू?"

"कुणाला उभं करू नका. मी बसूनच आहे."

"म्हणून टाका ना एकदाचं! तुमच्याच सणाचं तर नाव आहे पहिलं."

"म्हणूनच नाही म्हणत," ताई म्हणाल्या. "माझं नाव पहिलं आहे म्हणून मी गप्प बसायचं? ज्यांचं शेवटी आहे, त्यांनी बोलायचं? त्यांची नोकरी जाईल. माझीही जाईल कदाचित, पण मला निदान कुणी म्हणणार नाही की तू तुझ्या लोकांसाठी ओरडतेस."

मग विश्वस्तांसमोर सुनावणी झाली. ताईंना सोबतीला एक सहकारी आणता येईल असा नियम होता. त्यांनी मला नेलं. मी जाताना पांढरा कोट काढला, त्या म्हणाल्या, "घाला. जरा वजन पडेल." लांब टेबल, तीन विश्वस्त, कोपऱ्यात साहेब. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "आपल्याच सणाच्या शुभेच्छा द्यायची तुम्हाला लाज वाटते का?"

"नाही. घरी देते. शेजारी देते. रस्त्यात भेटलात तर तुम्हालाही देईन."

"मग इथेच काय होतं?"

"इथे पलीकडचं माणूस मला दिसत नाही. त्याच्या घरी कुठला सण आहे, की सणच नाही, की आज सुतक आहे, काही दिसत नाही. नुसता आवाज येतो आणि तो घाबरलेला असतो. अशा माणसाला मी दार उघडायचं की आधी विचारायचं, आमच्यातला आहेस ना?"

"असं कुणी विचारत नाहीये."

"वाक्य विचारतं, साहेब. तुम्हाला ते ऐकू येत नाही, कारण तुमचं उत्तर हो असतं."

दुसरे विश्वस्त जरा मवाळ होते. म्हणाले, "बाई, एक मधला मार्ग काढू. झालं ते झालं. तुम्ही लिहून द्या की गैरसमज झाला, पुढे सूचना पाळेन. विषय संपला."

"गैरसमज झालेला नाही. मला सगळं नीट समजलंय."

"मग आम्हाला तुम्हाला बोर्डावरून काढावं लागेल."

"काढा," ताई म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "पण लिहून काढा, की ही बाई लोकांना थंडीत जपा म्हणते म्हणून काढली. तोंडी नको."

असं अर्थातच कुणी लिहिलं नाही. विश्वस्तांनी सही केलेली नोटीस आली, तिच्यात 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं. ताईंची बदली चादरींच्या खोलीत झाली. धोबीघरातून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे कपडे मोजून वॉर्डांना द्यायचे. बाहेरच्या कुठल्याही माणसाशी बोलायचं काम नाही. बोर्ड सोडून जाताना त्यांनी फक्त बंद हीटर बरोबर घेतला.

साहेब एक गोष्ट विसरले होते. चादरींच्या खोलीत भिंतीवर एक आतला फोन होता, वॉर्डांनी मागणी करायला. पहिल्याच दिवशी तो वाजला.

"नमस्कार. थंडी आहे, स्वतःला जपा. बोला, किती चादरी?"

दिवसभरात ही बातमी सगळ्या मजल्यांवर गेली. गरज नसताना अभ्रे मागायला फोन यायला लागले. तीन नंबरची सिस्टर माझ्या नावाने खडे फोडायची ती आता फोन उचलताच म्हणायला लागली, "थंडी आहे, स्वतःला जपा, रक्त कधी तपासून देताय?" रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रात्री गेटवरच्या पहारेकऱ्याला म्हणायचा. ऑपरेशन थिएटरच्या वॉर्डबॉयने भूल उतरणाऱ्या एका आजोबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "मी गेलो नाही ना?" साहेबांनी एकदा जिन्यात ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मग ऐकू न आल्यासारखं करायला शिकले. वॉर्डातल्या माणसाने वॉर्डातल्या माणसाला काय म्हणावं, यावर मेमो निघत नाही.

पण हे सगळं मजेचंच होतं असं मी म्हणणार नाही. ताईंना ती खोली सोसली नाही. साबणाच्या आणि वाफेच्या वासाने त्यांना खोकला लागला. ज्या बाईशी दिवसभर शेकडो माणसं बोलायची, ती आता भिंतीशी बसायची. एकदा दुपारी गेलो, तर त्या चादरीच्या ढिगावर डोकं टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, चला, वर जाऊन बोलू या का साहेबांशी?"

"बोलायचं काय आहे? मी चुकीचं केलं का?"

"नाही."

"मग तुम्ही काय बोलणार? चला, त्या अभ्र्याची टोकं धरा. घडी घालायची आहे."

मी टोकं धरली. आम्ही बराच वेळ घड्या घातल्या. मला जमत नव्हतं, त्यांनी दोनदा सोडवून पुन्हा घातल्या आणि तेवढ्याने त्यांचा मूड सुधारला.

पुढच्या हिवाळ्यात तो कागद पुन्हा आला. तेच लांबलचक वाक्य, नवीन चिकटपट्टी. दुपारचीची नोकरी तोपर्यंत पक्की झाली होती. तिने कागद घेतला, साहेबांकडे नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "हे माझ्याने म्हणवत नाही, साहेब. मागच्या वर्षी रोज रडू यायचं. एकदा एका बापाला म्हटलं आणि तो म्हणाला, बाई, माझं पोरगं आत आहे हो." सकाळच्या पाळीला ताईंच्या जागी आलेला ऑपरेटर तिच्यामागे उभा होता. तो फारसा बोलायचा नाही. तो म्हणाला, "मीपण नाही."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. दोघांना कुठे पाठवणार? चादरींच्या खोलीत एवढी जागा नव्हती. त्यांनी कागद टोपलीत टाकला आणि म्हणाले, "थोडक्यात बोला. जे बरं वाटेल ते." दोघांनी काय बोलायला सुरुवात केली, ते सांगायला नको.

मग साहेब स्वतः चादरींच्या खोलीत आले. दारात उभे राहिले. "ताई, बोर्डावर या परत. सगळं मिटलंय."

"मिटलं कसं? माझ्या फाइलीत ती नोटीस आहे ना अजून?"

"ती जुनी झाली. कोण बघतं?"

"मी बघते. मला परत न्यायचं तर एक ओळ लिहून द्या, की नोटीस चुकीची होती. मोठं नको, एक ओळ."

साहेबांना ते जमण्यासारखं नव्हतं. विश्वस्तांनी सही केलेली नोटीस होती. ते म्हणाले, "ताई, हट्ट सोडा. तब्येत बघा तुमची."

"तब्येतीचं मी बघते. थंडी आहे, तुम्हीही जपा," ताई म्हणाल्या आणि चादरी मोजायला लागल्या.

मी त्यांना खूप समजावलं. यजमानांनी समजावलं, विहीणबाईंनी, लेकीने. लेक तर रडली. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ती एक ओळ." निवृत्त होईपर्यंत त्या चादरींच्या खोलीतच राहिल्या. ओळ काही आली नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून केक कापला. कचेरीतल्या कारकुनाने निवृत्तीचे कागद पुढे केले. त्यात एक छापील ओळ होती: 'सेवाकाळात मला संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' खाली सहीची जागा. सगळेजण त्यावर न वाचता सही करतात. ताईंनी चष्मा लावला, वाचलं, कारकुनाचं पेन मागून घेतलं आणि 'कोणतीही' आणि 'नाही' हे दोन शब्द नीट, सरळ रेघ मारून खोडले. जे उरलं, 'सेवाकाळात मला संस्थेविरुद्ध तक्रार', त्याच्यापुढे 'आहे' लिहिलं आणि खाली सही केली.

कारकून घाबरला. "ताई, याने पैसे अडकतील हो. मी दुसरा फॉर्म आणतो."

"दुसराही तसाच भरेन," ताई म्हणाल्या, "केक खाल्लास का तू?"

पैसे खरोखर अडकले, आणि बऱ्याच महिन्यांनी सुटले. यजमानांनी त्या काळात एक दिवस मला छत्री दुरुस्त करता करता म्हटलं, "काय गरज होती हो शेवटच्या दिवशी?"

ताई आतून म्हणाल्या, "होती."